पोरगी दिली, पातेलं न्हाई दिलं

आमच्या रोंकालूंगोत माणसाला दोन नावं असतात. एक पाद्रीबाबा डोक्यावर पाणी घालताना देतो, ते कागदावर आणि थडग्यावर कामाला येतं. दुसरं गाव देतं, ते मधल्या सगळ्या आयुष्याला पुरतं. ओलिंदोला गावानं दिलेलं नाव होतं ‘झाकण’.

झाकलेलं काही दिसलं की ते उघडून बघायचं, ही त्याच्या हाताची खोड. कोंबडी अंड्यांवर बसली की हा तिला उचलून खाली डोकवायचा. शेवटी वैतागून ती खुराडंच सोडून जायची. मुळे लावले की हा एकेक उपटून किती वाढलाय ते बघायचा आणि परत मातीत खोचायचा. गुडघा फुटला की पट्टी सोडून बघायचा, मग गुडघा पुन्हा फुटायचा. त्याची आई सांगायची की हा दिवस भरायच्या आधीच जन्मला, कारण बाहेर काय चाललंय हे बघितल्याशिवाय त्याला राहवेना.

असल्या माणसानं दुसरं कुठलंही काम धरावं, पीलावरचं धरू नये. त्यानं नेमकं तेच धरलं.

आमच्या बोलीत पीला म्हणजे उखळ. ओळीनं दगडी उखळं मांडलीत, वर लाकडी मुसळं टांगलीत, ओढ्याच्या पाण्यावर मोठं चाक फिरतंय आणि त्याच्या जोरावर मुसळं एकामागं एक उचलून आदळताहेत, त्या सबंध जागेलाही पीलाच म्हणायचं. आणि तिथं साळ कांडणारा तो पिलोता. शाळेतल्या इटालियनमध्ये त्याला एखादा लांबलचक शब्द असेलही. आम्हाला तो कधी लागला नाही.

ह्या पिलोत्यांच्या नावानं आमचा भात ओळखतात. रिझोत्तो आला पिलोता, म्हणजे पिलोत्यांच्या रीतीचा भात. बाकीची दुनिया रिझोत्तो करते ती चुलीपाशी उभं राहून, पळी फिरवत फिरवत. पिलोत्याला हे कुठून परवडणार? मुसळाकडं पाठ केली की तांदळाची कणी होते, आणखी जरा पाठ केली की कणीचं पीठ होतं. म्हणून त्यांनी ढवळावा न लागणारा भात काढला. पाण्याला उकळी आली की कागदाच्या नळकांड्यातून तांदूळ मधोमध सोडायचा. पाण्यात त्याचा डोंगर झाला पाहिजे आणि शेंडा बोटभर वर राहिला पाहिजे. शेंडा बुडाला तर पाणी जास्त झालं, काढून टाका. मग पातेलं कानाला धरून एक हिसका द्यायचा, डोंगर खाली बसतो. थोडं खदखदलं की पातेलं उतरवून गरम राखेवर ठेवायचं. वर फडकं, फडक्यावर झाकण, झाकणावर पोती. आणि आपण आपल्या कामाला लागायचं. इकडं उखळातली खेप साफ होऊन निघाली की तिकडं भातही झाला. मग डुकराच्या मांसाचा खिमा लोण्यात परतून त्यात घालायचा, वर किसलेलं चीज, आणि बसायचं जेवायला.

मधे झाकण उघडायचं नाही. उघडलं की वाफ गेली, आणि वाफ गेली की वरचा भात कच्चा आणि खालचा लगदा.

पातेल्याच्या बुडाला जी खरवड लागते, ती खायचा मान फक्त पिलोत्यांचा. हमाल, गाडीवान, मालकाचा जावई, कोणी का येईना, त्याला भात मिळेल, खरवड नाही मिळायची. आणि पिलोता कोणाला म्हणायचं? कांडपं तर कोणीही करतं. ज्याच्या हातचा पातेलंभर भात सगळ्या टोळीनं निमूट खाल्ला, तो पिलोता. तोवर तो नुसता मजूर.

आमच्या पीलाचा मुकादम होता आल्चीदे. त्याचा बाप मुकादम, आज्जा मुकादम. अंगानं बुटका, बोलायला त्याहून बुटका. माझे वडील त्याच्याच टोळीत होते, त्यामुळं पुढचं सगळं मी आमच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं आहे, आणि शेवटचं तर डोळ्यांनी बघितलेलं.

नोव्हेंबरात सान मार्तीनोचा सण झाला की आमच्याकडं शेतमजूर जुन्या मालकाकडून नव्या मालकाकडं बिऱ्हाडं हलवतात. त्या दिवसांत, दाट धुक्यात, ओलिंदो पीलावर कामाला लागला. मालकानं नुकतंच पाण्याचं चाक मोडीत काढून विजेची मोटर बसवली होती. दुपारी खटका दाबला की मुसळं होती तिथं हवेत थांबायची. माणसं हातपाय झटकायची, बाहेर उभी राहून विड्या ओढायची. कधी नव्हे ती चैन झाली म्हणून सगळे खूष.

कामाला ओलिंदो वाघ निघाला. त्याची खोड उखळावर वरदान ठरली. दुसरे खेप टाकून गप्पा मारायचे, हा सारखा वाकून मूठभर तांदूळ काढून बघायचा, फुंकायचा, दाताखाली धरायचा, परत टाकायचा. त्याच्या उखळातून कणी म्हणून निघायची नाही. मग चांगली साळ आली की आल्चीदे ती ओलिंदोच्या उखळात टाकायला लावू लागला. आल्चीदेकडून कौतुक व्हायचं ते इतपतच.

मग त्याची भाताची पाळी आली. नव्या माणसाचा मान म्हणून टोळीनं त्याला पातेल्याशेजारी स्टुलावर बसवलं. मुसळं थांबलेली, माणसं बाहेर, समोर पोत्यात गुंडाळलेलं पातेलं आणि ओलिंदो. जरा वेळ त्यानं छताकडं बघितलं. मग बुटाकडं बघितलं. मग एक पोतं नीट सारखं केलं. पोतं सारखं करताना झाकणाला हात लागला. हात लागलाच आहे तर नुसती फट पाडून बघू, एवढ्यानं काय होतंय, असं त्याला वाटलं.

आल्चीदेनं पहिला घास घेतला. चावला. चमचा पालथा करून ताटात ठेवला आणि उठून बाहेर गेला. माझे वडील म्हणायचे, की त्याच्यापेक्षा त्यानं आईवरनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या हिवाळ्यात ओलिंदोनं झाकण सुतळीनं बांधलं. सुतळी सुटायला सोपी असते. तिसऱ्या हिवाळ्यात तो पातेल्याकडं पाठ करून, दोन्ही हात ढुंगणाखाली घेऊन बसला. सगळ्यांना वाटलं, आता जमलं. पण त्याला शंका आली की आतून आवाज येईनासा झालाय. म्हणून त्यानं कान लावला. पोत्यातून ऐकू येईना, म्हणून पोतं काढलं. झाकणातून ऐकू येईना, म्हणून. त्या दिवशी वास्को नावाच्या पिलोत्यानं ताटातला लगदा बोटानं भिंतीवरच्या फाटक्या कॅलेंडरला लावला आणि ते चिकटवून टाकलं. कॅलेंडर पुढं बरीच वर्षं हललं नाही.

तेव्हापासून नाव पडलं झाकण.

ह्यात मजा अशी, की ओलिंदोचं मन आल्चीदेच्या दिर्चेवर बसलं होतं आणि दिर्चेचं ह्याच्यावर. मुकादमाची पोरगी, दणकट, तोंडानं बापाच्या उलट. गावाला वाटलं आता आल्चीदे ह्याला विळ्यानं कापतो. पण आल्चीदेनं एका शब्दात हो म्हटलं. लग्नाच्या पंगतीत दोन वाडगे वाइन पोटात गेल्यावर ओलिंदोला धीर आला. त्यानं सासऱ्याला विचारलं, की आता तरी मला पिलोता म्हणाल का.

आल्चीदेनं शांतपणे तोंड पुसलं.

“पोरगी दिली,” तो म्हणाला. “पातेलं न्हाई दिलं.”

सगळी पंगत हसली. दिर्चे सगळ्यात मोठ्यानं हसली. ओलिंदोही हसला, पण त्याची वाइन तशीच राहिली, असं वडील सांगायचे.

पुढं पीला बंद पडला. शहराकडच्या गिरण्या दिवसाला जेवढं कांडायच्या तेवढं आम्ही सबंध मोसमात कांडत नव्हतो. माणसं पांगली. कोणी साखर कारखान्यात गेलं, कोणी विटभट्टीवर. ओलिंदोही आधी भट्टीवर गेला आणि विटा भाजल्या का ते बघायला त्यानं भट्टीचं तोंड उघडलं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. मग त्यानं सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं आणि त्याचं भलं झालं. तिथं उघडून बघायचेच तर पैसे मिळतात. दिर्चेच्या बाळंतपणाला सुईणीनं त्याला गोठ्यात घालून बाहेरून कडी लावली होती. दारात येऊन येऊन सारखं विचारत होता, कुठवर आलं. दिर्चेनं आतून ओरडून सांगितलं की तुझ्यापेक्षा गाय बरी, ती निदान गप उभी राहते.

पीला गेल्यावर गावाला त्याचं प्रेम आलं. दर मे महिन्यात, शेतात पाणी सोडलेलं असतं आणि डास तुटून पडतात अशा दिवसांत, चौकात भाताची जत्रा भरू लागली. उरलेले पिलोते ओळीनं आपापल्या चुलीवर पातेली चढवायचे. व्हेरोनाची, मिलानची माणसं गाड्या करून यायची. ओलिंदोला काम असायचं चीज किसायचं.

येणाऱ्यांना नावाचं भारी कुतूहल. शहरी भाषेत पिलोता म्हणजे वैमानिक, म्हणून मिलानच्या एका बाईची तर समजूत होती की हे विमान चालवणाऱ्यांचं जेवण. पिलोते चुलीवर गुंतलेले, त्यामुळं सांगायला सापडायचा तो ओलिंदो. आणि सांगावं तर त्यानंच. किसणी हातात धरून तो मुसळं आदळून दाखवायचा, तोंडानं आवाज काढायचा, डोंगराचा शेंडा बोटानं दाखवायचा. उखळावरच्या माणसाचा भात म्हणून हे नाव, आणि उखळाला पाठ दाखवता येत नाही म्हणून ही रीत, असं सगळं रंगवून सांगायचा. लोक भारावून जायचे. आणि शेवटी हमखास विचारायचे, “म्हणजे तुम्हीही पिलोता?”

मग मागच्या चुलींवर सगळ्यांना एकदम खोकला यायचा. ओलिंदो म्हणायचा, चीज संपत आलंय, आणि नवीन ठोकळा आणायला निघून जायचा. ठोकळा समोरच पडलेला असायचा.

असं कितीतरी वर्षं चाललं. मग एका वसंतात वास्को शिडीवरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. एक चूल रिकामी राहिली. जत्रेच्या मंडळींनी ठरवत आणलं होतं की शेजारच्या गावातल्या खानावळीचा आचारी बोलवायचा. चांगला आचारी होता. पांढरी टोपी घालायचा. पण एकदा पिलोत्यांची चूल आचाऱ्याकडं गेली की ती परत येत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. माझे वडील आल्चीदेकडं गेले. आल्चीदे तेव्हा खुर्चीतून क्वचितच उठायचा. वडिलांनी सांगितलं, पीलावर घाम गाळलेला एक गडी अजून शिल्लक आहे.

 आल्चीदे म्हणाला, “एकदा. बिघडला तर टोपीवाला.”

ओलिंदोला हे कळलं तेव्हा तो सायकलीचं चाक सरळ करत होता. ते त्या दिवशी वाकडंच राहिलं. त्यानं घरी सराव सुरू केला. रोज दुपारी भात, रोज दुपारी लगदा. कधी तो परसात जाऊन उभा राहायचा आणि खिडकीतून परत यायचा. कधी दिर्चेला झाकणावर बसवायचा आणि मग तिला उठवायला कारण शोधायचा. कोंबड्या भात खाऊन खाऊन इतक्या फुगल्या की त्यांना खुराड्याच्या दारातून शिरता येईना.

एका दुपारी दिर्चेनं पातेलं कोंबड्यांपुढं ओतलं आणि तिथंच बादलीवर बसली.

“एक सांग,” ती म्हणाली. “तू पातेल्यापाशी बसून करतोस काय?”

“काय करनार? बसतोय.”

“त्येच म्हनते मी. ल्हानपनी मी रोज भाकर घिऊन पीलावर जायची. पान्याचं चाक हुतं तवा. माझा बाप पातेल्यापाशी बसलेला मी जल्मात बघितला न्हाई. त्याची मला पाठच दिसायची. मुसळं कुटं थांबत हुती त्यावेळी?”

ओलिंदोनं रिकामं पातेलं उचलून पालथं करून बघितलं.

“तुमाला मोटर आली,” दिर्चे म्हणाली, “आन तुमी मान म्हनून मानसाला स्टुलावर बसवाया लागला. रिकाम्या मानसानं झाकन उघडू न्हाई तर करावं काय? माझ्या बापाला म्हनावं, तू पन असाच बसला असतास तर तू पन उघडलं असतंस.”

“आसं त्याला सांगू?”

“सांगू नगंस. भात कर.”

जत्रेच्या दिवशी सकाळी ओलिंदो चौकात आला तो हातगाडी ढकलत. गाडीवर आईच्या वेळचं दगडी उखळ, लाकडी मुसळ आणि न कांडलेल्या साळीचं पोतं. लोकांना वाटलं, शोभेला आणलंय. टोपीवाला आचारीही आला होता. कोणी बोलावलं नव्हतं, पण हात बांधून कडेला उभा होता, गिधाडासारखा नाही म्हणत मी, बगळ्यासारखा म्हणतो. आल्चीदेला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. पहिली दोन बटणं चुकीच्या काजांत लावलेली, मांडीवर चमचा.

ओलिंदोनं तांदूळ सोडला. डोंगर झाला. शेंडा बोटभर वर. हिसका दिला. थोडं खदखदलं, पातेलं गरम राखेवर उतरलं. फडकं, झाकण, पोती. इथपर्यंत त्याला कधीच काही अडचण नव्हती.  बघे सरकून जवळ आले. ते पातेल्याकडं बघत नव्हते, त्याच्या हाताकडं बघत होते. हात पोत्याची कड सारखी करायला निघाला. अर्ध्यावर थांबला. मग ओलिंदो वळला, पातेल्याकडं पाठ केली, उखळात साळ ओतली आणि मुसळ उचललं.

पहिले काही घाव लोक हसले. माझ्या शेजारचा एक जण म्हणाला, झाकणाला आज कुलूप सापडलं. पण थोड्या वेळानं ते हसू विरलं. जुन्या माणसांच्या पायांनी आपसूक ठेका धरला. ओलिंदो वाकून मूठभर साळ काढत होता, फुंकत होता, दाताखाली धरत होता, परत टाकत होता आणि पुन्हा घाव घालत होता. कोंडा त्याच्या भुवयांवर बसला. बघायची खाज सगळी उखळात चालली होती. खोड तीच होती, नुसतं तिचं तोंड पलीकडं फिरवलं होतं.

बाकीच्या पिलोत्यांनी आपापली झाकणं काढली. खिम्याचा आणि लोण्याचा वास चौकभर झाला. लोकांनी ताटं पुढं केली. ओलिंदो कांडतोच आहे. दिर्चे खिम्याची कढई घेऊन त्याच्या पातेल्याशी ताटकळत उभी. तिनं घसा खाकरला. ह्याला पत्ता नाही. वडिलांनी हाक मारली. मुसळाच्या आवाजात ती बुडून गेली.

शेवटी खुर्चीतून आल्चीदेचा आवाज आला.

“आरं ए, उघड की आता.”

“थांबा वो मुकादम,” ओलिंदो मागं न बघता म्हणाला. “ही खेप निघू दे.”

असं उत्तर आल्चीदेला कोणी दिलं नव्हतं. वडिलांनी माझा दंड धरला.  पण आल्चीदेनं मान जरा कलती केली आणि खेप निघेपर्यंत नुसता ऐकत राहिला.

झाकण निघालं तेव्हा वाफ अशी सरळ वर गेली की टोपीवाल्यानं मान वर केली. दाणा न् दाणा सुटा. दिर्चेनं खिमा ओतला, चीज टाकलं, उलथन्यानं वरखाली केलं आणि पहिलं ताट बापापुढं धरलं. आल्चीदेनं घास घेतला. चावला. आम्ही सगळे चमच्याकडं बघत होतो. चमचा ताटाकडं गेला, भरला आणि पुन्हा तोंडाकडं आला. तसंच त्यानं ताट संपवलं, घाई न करता, मधे एकदा दातात अडकलेलं काहीतरी काढून बघून.

मग त्यानं पातेलं जवळ ओढायला सांगितलं आणि आत वाकून बघितलं. भात जरा जास्तच वेळ राहिला होता, त्यामुळं बुडाला खरवड धरली होती, तांबूस आणि जाड. एक पोरगेला जत्रेकरू ताट पुढं करून म्हणाला, ते खालचं द्या ना मला.

“ती पिलोत्यांची असती,” आल्चीदे म्हणाला. त्यानं चमच्यानं खरवड उचकटली, मोडली, निम्मी स्वतःच्या ताटात टाकली आणि निम्मी ओलिंदोपुढं धरली. “घे. जळलीया जरा. फुडच्या वर्सी खेप ल्हान घे.”

आचाऱ्यानं टोपी काढून घडी घातली आणि खिशात ठेवली. मग ताट घेऊन तोही रांगेत उभा राहिला. त्यानं दोनदा घेतलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

तेवढ्यात एक पाहुणी आली, कुठल्याशा लांबच्या गावची, आणि तिनं ओलिंदोला नावाचा अर्थ विचारला. त्यानं उखळाकडं बोट दाखवलं, मुसळाकडं दाखवलं, स्वतःच्या भुवयांवरचा कोंडा दाखवला. ती म्हणाली, “म्हणजे तुम्हीही पिलोता?”

ह्या प्रश्नाला हो म्हणायची माणसानं इतकी वर्षं वाट बघितली आणि वेळ आली तेव्हा तोंडात खरवड. कडक, दाताला चिकटलेली, ना गिळता येते ना थुंकता. मागं कोणीही खोकलं नाही. ओलिंदोनं नुसती मान हलवली, वरून खाली, आणि डोळे मिटून चावत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडं सायकल घ्यायला गेलो. दिर्चेनं चुलीवर कोंबडीचं सार ठेवलं होतं. फुगलेल्यांपैकीच एक कापली होती. दिर्चे पाणी आणायला वळली तसा ओलिंदो गुपचूप उठला आणि त्यानं साराचं झाकण उचललं. दिर्चेनं मागं न बघताच पळी हाणली, नेमकी बोटांवर.

“बगत न्हवतो,” तो बोटं चोखत म्हणाला. “वाइन घालत हुतो.”

“बाटली कुटं हाय?”

बाटली फडताळात होती, आणि फडताळ बंद होतं. तो ते उघडायला गेला.